खरखर

२०१४-१५चा हिवाळा. सिअ‍ॅटलहून पूर्वेला निघालं की तासाभरात स्नोक्वाल्मी खिंड लागते. उंची ३,०२२ फूट, म्हणजे जानेवारीत तिथे पुरुषभर बर्फ असायला हरकत नाही. आम्ही पोचलो तेव्हा गाडीचे वायपर जिवाच्या आकांताने हलत होते. पाऊस. सरळसाधा, आषाढातला वाटावा असा पाऊस. टपावर स्की बांधलेल्या, डब्यात गार पराठे, आणि समोरच्या उतारावर पांढऱ्यातून जागोजागी झुडपं वर आलेली. मित्र नगरचा. तो म्हणाला, "आपण दोघं आणि पावसाला शिव्या? गावाकडे कुणी ऐकलं तर चपलेने मारतील."

खरं होतं. त्या साली मराठवाड्यात पावसाने दगा दिला होता, आणि सोलापुरात अण्णा नळाच्या पाण्याचे दिवस मोजत होते. फोनवर त्यांना म्हटलं, आमच्याकडेही दुष्काळच आहे. "पाऊस?" "रोज पडतो." त्यांना वाटलं पोरगा थट्टा करतोय. मग समजावून सांगितलं. पाणी नेहमीइतकंच पडतंय, पण हवा उबदार, त्यामुळे ते बर्फ होऊन डोंगरावर साठत नाही, लगेच वाहून जातं. पलीकडच्या याकिमा खोऱ्यात सफरचंदाच्या बागा आहेत. त्यांना पाणी देणारी मोठी धरणं पाच, आणि डोंगरावरच्या बर्फाला तिथले लोक सहावं धरण म्हणतात. अण्णांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली. ते एकदम गंभीर झाले. "म्हणजे तुमचं सहावं धरण मायनसमध्ये," ते म्हणाले. उजनीच्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं! मे महिन्यात तिथल्या गव्हर्नरने अख्ख्या राज्यात दुष्काळ जाहीर केला, तेव्हा अण्णांनी मला 'बघ, सांगितलं होतं' म्हणून ऐकवलं. सांगितलं मी होतं, पण असो.

तर असल्या हिवाळ्यात माणसाने काय करावं? आम्ही गाडीत बसून गाणी ऐकली. गाणी म्हणजे आमची, कर्कश. सिअ‍ॅटलच्याच मडहनी या बँडने १९८८ साली 'सुपरफझ बिगमफ' नावाची छोटी रेकॉर्ड काढली, ते नाव गिटारला जोडायच्या, पायाने दाबायच्या दोन पेडलांवरून घेतलंय. आणि ही पेडलं करतात काय, तर चांगला स्वच्छ सूर बिघडवतात! आवाज इतका फुगवायचा की लहरीची टोकंच छाटली जातात, आणि त्या छाटणीतून मुळात नसलेले वरचे स्वर उगवतात. खरखर, गुरगुर, गांधीलमाशा डब्यात कोंडल्यासारखं काहीतरी. गाडीच्या काचा थरथरतात. पावसाचा आवाज त्यात विरघळून जातो, हा त्या दिवशीचा खास फायदा.

तेवढं ऐकून झाल्यावर अर्थातच आम्ही उतरलो. एवढं लांब आलोय तर!

लिफ्ट नसलेल्या डोंगरावर स्कीने चढायचं तर स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर किंवा नायलॉनची असते. नाव मात्र 'स्किन'च राहिलं. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी ती पुढे सरकते आणि मागे अडते. पाऊल, सरक, पाऊल, सरक. कानात इअरफोन घालायचे नाहीत, हा आमचा नियम. खालचा कच्चा थर बसला की बर्फातून 'व्हूम्फ' असा दबका आवाज येतो. तो ऐकू आला तर उतार सोडायचा, हिमकडा कोसळायची ती नोटीस असते. म्हणून चढताना गाणं फक्त डोक्यात. पण डोक्यातलं गाणं बंद करायचं बटण कुणाकडे आहे?

उतरताना मजा यायची ती अशी, की रात्री गोठलेल्या बर्फावर पापडासारखा पापुद्रा होता. स्की त्यावरून जाताना जो आवाज करते, तो हुबेहूब त्या पेडलाचा! भुसभुशीत ताज्या बर्फावर स्की मुकी असते. इथे ती बोलत होती, दात खात होती. मध्येच खडा लागला की करकचून ओरखडा. कमी बर्फात वापरायला लोक जुनी, ओरखडलेली जोडी वेगळी ठेवतात, तिला 'रॉक स्की' म्हणतात. यातला रॉक म्हणजे दगड, पण त्या हिवाळ्यात मला दोन्ही अर्थ चालत होते. संध्याकाळी घरी तळातल्या खाचा बुजवत बसायचो, प्लॅस्टिकची कांडी पेटवून मेणबत्तीसारखी थेंब थेंब गाळत. खोलीभर वास. बायकोने त्या वर्षी मला गॅलरीतच बसवलं.

मार्चमध्ये मात्र माउंट रेनियर या डोंगरावरच्या पॅराडाइझ नावाच्या जागी गेलो. उंची ५,४०० फूट, म्हणून तिथे बर्फ टिकून होता. याच जागी १९७१-७२च्या मोसमात १,१२२ इंच बर्फ पडला होता, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून मित्र मला वात आणत होता. सकाळी दगडासारखा कडक पृष्ठभाग, आणि दहाच्या सुमाराला उन्हाने वरचा बोटभर थर सुटून जाड रव्यासारखा झालेला. अर्धाच तास. मग पाणी पाणी. त्या अर्ध्या तासात आम्ही एक लांबलचक उतार घसरलो. रव्याची सळसळ होती, खरखर नव्हती. खोटं कशाला बोलू, मला थोडं चुकल्यासारखं झालं.

अण्णा भजनी मंडळात तंबोऱ्याला बसतात. तारेखाली सुताचा दोरा सरकवत, कान लावून जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणझण, जुळवताना मी त्यांना लहानपणी तासन्‌तास पाहिलंय. त्या रात्री धीर करून फोन स्पीकरजवळ धरला आणि त्यांना ती गिटार ऐकवली. बराच वेळ पलीकडून काही नाही. मला वाटलं, फोन कटला.

"जवारी खुली आहे रे," अण्णा म्हणाले. "पण जरा जास्तच खुली."