नळ अगदी तळाशी का नाही?

आमच्या अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये पाऊल टाकणारा प्रत्येक जण हेच विचारतो. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेले असोत, शेजारी असोत, नाहीतर भारतातून सुट्टीला आलेले मेहुणे. घरी बिअर करायची माझी तीन भांडी तिथे ओळीने मांडलेली असतात. त्यांच्याकडे वाकून बघत प्रश्न येतो, "नळ इतका वर का? बुडालाच भोक पाडलं असतं तर थेंबन्‌थेंब निघाला असता की!" विचारणारा बहुधा इंजिनिअर असतो, त्यामुळे आवाजात जरा विजय असतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

थेंबन्‌थेंब मला नकोच असतो. माठाची तोटी कुंभार तळापासून चार बोटं वर ठेवतो, ती गाळासाठीच ना? बिअरमध्ये तर प्रत्येक टप्प्याचा गाळ निराळा. आधी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा चोथा, मग तिचा गोड रस उकळताना हॉप्सचा, म्हणजे कडवटपणासाठी घालायच्या फुलांचा पाला आणि गोठलेली प्रथिनं, शेवटी तो रस आंबवणारं यीस्ट. त्यामुळे त्या भांड्यात मागे काय ठेवायचं, यावर नळाची जागा ठरते.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते उकळायचं भांडं. माझं जुन्या स्टीलच्या केगचं, म्हणजे बिअरच्या पिंपाचं आहे. अमेरिकेतला मोठा केग साडेपंधरा गॅलनचा, म्हणजे साधारण ५८ लिटरचा. दुकानातून डिपॉझिट भरून आणलेला केग आपल्या मालकीचा होत नाही, म्हणून रीतसर विकत घेतलेलाच कापावा. कापण्याआधी आतला दाब पूर्ण सोडायचा, यात हयगय नको. केगचा तळ खाली फुगलेला असतो आणि त्या गोलाईवर वॉशर सपाट बसत नाही. म्हणून भोक जिथे उभी भिंत सुरू होते तिथे, म्हणजे बरंच वर घ्यावं लागतं. आणखी एक: अर्धा इंची फिटिंग म्हणजे अर्ध्या इंचाचं भोक नव्हे. त्या पाइपच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २१ मिमीच्या आसपास भरतो. स्टेप ड्रिल, म्हणजे पायरीपायरीने रुंद होत जाणारं बिट, हळू फिरवायचं, दाबून धरायचं आणि तेल सोडत राहायचं. बिट न कापता नुसतं घासत राहिलं की तिथलं स्टील कडक होतं आणि मग ते कापलं जात नाही.

वेल्डिंग का नाही, हा पुढचा प्रश्न. करता येतं, पण आतल्या बाजूने आर्गॉन सोडला नाही तर सांध्याची मागची बाजू काळी, खरखरीत होते. ती घासून साफ होत नाही आणि पुढे गंजते. मी बिनवेल्डचीच बाजू घेतो: आतून नट, बाहेरून नट, मध्ये सिलिकॉनची रिंग. रिंग आतल्या बाजूला ठेवायची, कारण गॅसची ज्वाळा भांड्याच्या कडेने वर चढते आणि बाहेरची रिंग भाजून निघते. भांडं गळलं की लोक टेफ्लॉन टेपचे वेढे वाढवत बसतात. दोष बहुतेक वेळा भोकाच्या कडेला राहिलेल्या कुसळाचा असतो, तेच रिंग कापतं. कानस मारा, बोट फिरवून बघा. आणि नट आवळताना पैलवानकी नको, रिंग चेपून बाहेर येते.

आता एवढ्या वर नळ लावल्यावर खालचं कसं निघणार? नळाला आतून तांब्याची वाकवलेली नळी जोडायची, बाकीचं काम सायफन करतो. इथे एक गंमत आहे. भांड्यातून बाहेर थेंबही गळत नसतो, तरी पातळी नळाच्या खाली उतरली की धार तुटते. कारण आतला सांधा उघडा पडतो आणि तिथून हवा ओढली जाते. म्हणून आतला जोड बाहेरच्यापेक्षा घट्ट हवा. नळीचं तोंड मी मधोमध ठेवत नाही, भिंतीलगत ठेवतो. गॅस बंद केल्यावर पळीने जोरात गोल ढवळलं की गाळ मध्ये ढीग करून बसतो आणि कडेने स्वच्छ रस निघतो.

माल्ट भिजवायचं भांडं म्हणजे पिकनिकला पाणी थंड ठेवायचा गोल कूलर. त्याचा बटणाचा नळ काढून त्याच भोकात बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आतला भोकाचा गोळा फिरवून उघडायचा नळ, घालायचा आणि आतून स्टीलची जाळी जोडायची. तिथे चोथाच चाळणीचं काम करतो.

आंबवायच्या बादलीला मात्र बॉल व्हॉल्व्ह लावू नका, कितीही देखणा दिसला तरी. बंद केल्यावर गोळ्याच्या भोकात आणि मागच्या फटीत चमचाभर रस अडकून राहतो. उकळायच्या भांड्यात उकळता रस थोडा सोडून तो धुता येतो. इथे उकळणं नाही. पुढची बिअर आंबट झाली की लोक यीस्टला शिव्या घालतात. त्यापेक्षा दोन तुकड्यांत सुटणारा साधा प्लास्टिकचा नळ बरा. तळापासून तीनेक सेंटिमीटर वर लावा आणि दर खेपेला खोलून धुवा.

हे सगळं मी बिनधास्त करतो, कारण इथे कायद्याची मुभा आहे. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या केंद्रीय कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन बिअर घरी करता येते, विकायची मात्र नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर ही मुभा २०१३ मध्ये दिली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे आणि बिअरही त्यात येते. त्यामुळे पुण्याचा भाचा "मामा, ड्रॉइंग पाठव ना" म्हणतो तेव्हा मी त्याला पाण्याच्या पिंपाला नळ कसा बसवायचा ते कळवतो. मापं तीच आहेत. त्याला ते पसंत नाही.