फॅरडे कपातला खरा आकडा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी हायड्रोजनचा मायक्रोवेव्ह आयन सोर्स, म्हणजे मायक्रोवेव्हच्या जोरावर गॅसमधून आयन (प्रभारित कण) काढणारं यंत्र, माझ्या हाती आला. खरं तर सुटे भाग आले: चेंबर, चुंबकीय क्षेत्रासाठी दोन कॉइल, मायक्रोवेव्ह वाहून नेणारा वेव्हगाइड, व्हॅक्यूमसाठी टर्बो पंप आणि मायक्रोवेव्ह तयार करणारा २.४५ गिगाहर्ट्झचा मॅग्नेट्रॉन. घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनचीही हीच फ्रिक्वेन्सी. ८७५ गॉसच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन सेकंदाला बरोबर २.४५ अब्ज गिरक्या घेतो. मग मायक्रोवेव्हची ऊर्जा त्याला मिळत जाते आणि तो गॅसचे रेणू फोडत सुटतो.

पण आमचे पहिले तीन आठवडे लीक शोधण्यातच गेले. प्रेशर दहाच्या उणे चौथ्या घातावर येऊन अडायचं. हवं होतं उणे सहावा घात मिलिबार. हेलियम लीक डिटेक्टर आमच्याकडे नव्हता, त्यामुळे सिरिंजने एकेका जोडावर अ‍ॅसिटोनचा थेंब सोडायचा आणि गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. लीक असेल तिथे काटा दचकतो. तो दचकला व्ह्यूपोर्टपाशी, म्हणजे चेंबरच्या काचेच्या खिडकीपाशी. वर्कशॉपमधल्या काकांनी तिथली फ्लँज (जोडाची चकती) उघडायला लावली, जोड हवाबंद करणारी रबरी ओ-रिंग खोलीच्या खिडकीच्या उजेडात धरली आणि नखाने अलगद काहीतरी उचललं. केस होता. रिंगवर आडवा पडलेला, जेमतेम दीड सेंटिमीटरचा.

"फ्लँज लावण्याआधी रिंगवरून बोट फिरवत जा गं. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं," काका म्हणाले. आजही मी बोट फिरवल्याशिवाय एकही फ्लँज कसत नाही.

रात्रभर पंप चालू ठेवला. सकाळी व्हॅक्यूम मिळालं होतं. थोडा हायड्रोजन सोडला, मायक्रोवेव्ह सुरू केले आणि कॉइलचा करंट हळूहळू वाढवत नेला. बराच वेळ काहीच नाही. आणि एका क्षणी व्ह्यूपोर्ट गुलाबी उजेडाने भरून गेला. ठिणगी नाही, आवाज नाही, नुसता स्थिर उजेड. त्यातला लाल रंग ६५६.३ नॅनोमीटरच्या रेषेचा, म्हणजे सुट्या हायड्रोजन अणूचा. आम्हाला प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले हायड्रोजन अणू, हवे होते, म्हणून रेणू फुटल्याची ती खूण बघून मला भरून आलं.

आठवडाभराने २० किलोव्होल्ट लावून बीम, म्हणजे आयनांचा झोत, बाहेर काढला. बीमचा करंट मोजणारा तांब्याचा फॅरडे कप म्हणाला, ६.२ मिलिअँपिअर! मी धावत सरांना बोलावून आणलं. सरांनी कपाच्या मीटरकडे पाहिलंच नाही, हाय व्होल्टेज सप्लायकडे पाहिलं. "सप्लाय सगळा मिळून ४.६ देतोय. मग कपात ६.२ कुठून आले?"

उत्तर तांब्यातच होतं. आयन कपाच्या तळावर आदळले की तिथले इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. धन प्रभार आत येणं आणि ऋण प्रभार बाहेर जाणं मीटरला सारखंच, तो दोन्हींची बेरीज दाखवतो. त्यावर उपाय म्हणजे उडालेले इलेक्ट्रॉन परत आत ढकलणारी, कपाच्या तोंडाशी ऋण व्होल्टेजची एक रिंग, सप्रेसर. ती बसवून होती, पण तिची केबल मी जोडलीच नव्हती.

केबल जोडली आणि ५०-५० व्होल्टने वाढवत गेले. दर टप्प्याला आकडा उतरत होता, आणि माझा जीवही. दीडशेच्या पुढे तो ३.४ वर थांबला. दोनशेला ३.४, तीनशेलाही ३.४. सपाट झालेला तोच खरा.

वाईट वाटलं, पण ते बरोबर झालं असंच मी मानते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातला २० एमईव्हीचा (मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टचा) प्रोटॉन प्रवेगकही अशाच सोर्सपासून सुरू होतो. पुढचा सगळा डोलारा सोर्सच्या करंटवर बेतायचा असतो, तिथे फुगलेला आकडा घेऊन कसं चालेल?

लॉगबुकातला ६.२ मी खोडला नाही. शेजारी लाल पेनने लिहिलं: सप्रेसर जोडलेला नाही. आणि खालच्या ओळीत ३.४, त्या दिवशीची तारीख आणि माझी सही.