कॅरेनिनचे कान

अ‍ॅना कॅरेनिना ही टॉलस्टॉयची कादंबरी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि त्या वयात नवऱ्याकडे बघायला कोणाला वेळ असतो, मी पूर्णपणे अ‍ॅनाच्या बाजूने होते. यंदा परत वाचायला घेतली, आता चव्वेचाळीस. आणि या वेळी मी अडकले ते तिच्या नवऱ्यापाशी, अलेक्सेई अलेक्सान्द्रोविच कॅरेनिनपाशी, ज्याला सगळे थंड, यंत्रासारखा, सरकारी फाईल अंगात भरलेला माणूस म्हणून मोकळे होतात.

सुरुवात कानांपासून करते. मॉस्कोहून परत येताना अ‍ॅना पीटर्सबर्गच्या स्टेशनवर उतरते, समोर नवरा उभा आहे आणि तिच्या मनात पहिली गोष्ट येते ती ही की अरे देवा, याचे कान असे का झालेत? गोल हॅटची कड त्या कानांवर टेकलेली असते. आता बघा, लग्नाला आठ वर्षं झालीयत. कान आठ वर्षं तिथेच होते, तेवढेच मोठे होते. फक्त मधल्या दिवसांत तिला व्रॉन्स्की भेटलाय, तो तरुण लष्करी अधिकारी, ज्याच्याकडे ती ओढली जातेय. टॉलस्टॉय इथे कॅरेनिनचं वर्णन करतच नाहीये, तो अ‍ॅनाच्या नजरेत काय बदललं ते सांगतोय, पण आपण वाचणारे ते कान कॅरेनिनच्या खात्यावर टाकतो आणि पुढची आठशे पानं त्याला त्या कानांसकट नापसंत करत राहतो. मी तरी तेच केलं होतं.

ही कादंबरी १८७५ ते १८७७ अशी एका रशियन मासिकात क्रमशः आली. टॉलस्टॉयच्या मुलाने आठवण लिहून ठेवलीय की कॅरेनिन हे आडनाव वडिलांनी होमरच्या ग्रीकमधल्या ‘डोकं’ या अर्थाच्या शब्दावरून घेतलं. म्हणजे हा डोक्याने जगणारा माणूस हे लेखकाने आधीच ठरवलं होतं. पण डोक्याने जगणाऱ्याला काळीज नसतं असं काही त्याने म्हटलेलं नाही, आणि माझा सगळा मुद्दा तोच आहे.

दुसऱ्या भागात एक रात्र आहे. पार्टीत अ‍ॅना आणि व्रॉन्स्की वेगळे बसून बोलत होते, लोकांनी ते पाहिलं आणि लोकांनी पाहिलं हे कॅरेनिनने पाहिलं. तो घरी येतो, ती अजून यायचीय, आणि तो या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारतो. जेवणघरात एकच दिवा जळतोय आणि लाकडी जमिनीवर पावलं वाजतायत, मग अंधाऱ्या दिवाणखान्यातला गालिचा, मग तिची खोली, तिथे दोन मेणबत्त्या. तिच्या टेबलावर अर्धवट लिहिलेली एक चिठ्ठी पडलेली असते आणि ती बघून त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात येतं की हिला हिचं स्वतःचं काही आयुष्य असेल, हिचे स्वतःचे विचार, इच्छा असतील. आणि तो इतका घाबरतो की तो विचार घाईघाईने हाकलून देतो.

मग तो काय करतो तर तिला काय बोलायचं त्याचे मुद्दे काढतो. एक, समाज काय म्हणेल. दोन, लग्नाचा धार्मिक अर्थ. तीन, गरज पडली तर मुलावर होणारे परिणाम. चार, तिचं स्वतःचं दुःख. तिचं दुःख चौथ्या नंबरवर! आणि मुद्दे तयार झाले की बोटं एकमेकांत गुंतवून कडाकडा मोडतो. एकविसाव्या वर्षी मला हा प्रसंग वाचून चीड आली होती, आता वाचताना गळा दाटून आला, कारण मला माझे काका आठवले. सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. काकू गेली तेव्हा त्यांनी फोनवर सांगितलं, ‘आज पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी तिचं निधन झालं, अंत्यविधी अकरा वाजता आहे, त्याप्रमाणे निघावं.’ मला तेव्हा भयंकर राग आला होता, हा काय माणूस आहे. पण दहाव्यानंतर तेच काका स्वयंपाकघरात सगळे डबे एकेक करून उघडून बघत उभे होते, साखर कुठल्या डब्यात असते ते त्यांना माहीत नव्हतं आणि विचारायचं कोणाला हेही. त्यांच्याकडे भाषा एकच होती, टिपणीची, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी पण त्यांना त्याच भाषेत सांगावी लागली. कॅरेनिनचं तेच आहे. टॉलस्टॉय पुढे सांगतोच की वडील त्याला आठवत नाहीत, आई तो दहा वर्षांचा असताना गेली, मित्र असा कधी कोणी झालाच नाही. बोलायला शिकवणार कोण होतं?

आणि मग चौथ्या भागातला तो एक शब्द. तो अ‍ॅनाशी भांडतोय, तिची पत्रं हिसकावून घेतलीयत, आवाज चढलाय, आणि ‘मी काय काय सोसलं याची तुला पर्वा नाही’ अशा अर्थाचं बोलताना त्याची जीभ अडखळते. रशियनमध्ये शब्द आहे ‘पेरेस्त्रादाल’, तो म्हणतो ‘पेलेस्त्रादाल’. मराठीत करायचं तर ‘सोसलं’च्या जागी ‘सोलसं’ असं काहीतरी होईल. अ‍ॅनाला आधी हसू येतं, मग अशा वेळी हसू आलं याची लाज वाटते, आणि पहिल्यांदा, एका क्षणापुरती, ती स्वतःला त्याच्या जागी ठेवते आणि तिला त्याची कीव येते. पण पुढे बोलणार काय, म्हणून ती मान खाली घालून गप्प बसते. आणि मग लगेच स्वतःलाच समजावते की छे, मला भास झाला, हा निर्जीव डोळ्यांचा माणूस, याला काय वाटणार.

मला वाटतं अख्ख्या कादंबरीतली सगळ्यात दुःखाची जागा ही आहे, शेवटी ती रेल्वेखाली जीव देते त्या जागेपेक्षाही. मुद्देसूद बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून एकदाच चुकीचा शब्द निघतो आणि तोच त्याचा एकमेव खरा शब्द असतो, आणि तिला तो ऐकू येतो, आणि तरी उपयोग होत नाही. यात अ‍ॅनाला दोष देत नाहीये मी, त्या घरात तिचा श्वास कोंडत होता हे तितकंच खरं आहे.

बाळंतपणात ती मरणाच्या दारात असताना तो माफ करतो तो प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. तिच्या पलंगापाशी व्रॉन्स्कीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलेलं असतं, तिच्या सांगण्यावरून कॅरेनिन ते हात बाजूला करतो आणि रडत रडत त्याच्या हातात हात देतो. मला मात्र त्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. ती मुलगी व्रॉन्स्कीची आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि हा माणूस दिवसातून अनेकदा बाळाच्या खोलीत जातो, कधी कधी अर्धा अर्धा तास तिच्याकडे नुसता बघत बसतो, तो लालसर केशरी, सुरकुतलेला चेहरा, कपाळावरच्या हालचाली, मुठी वळलेले हात उलटे करून डोळे चोळणं. दाईला पुरेसं दूध नाही म्हणून बाळ रडतंय याची काळजी पण तोच करतो. आपल्या मुलासाठी, सेर्योझासाठी, तो असा बसला होता का? कादंबरीत तरी दिसत नाही.

म्हणून माफी हा या पुस्तकाचा विषय आहे असं जे म्हणतात ते मला अपुरं वाटतं. माफी मिळते, मनापासून मिळते, आणि अ‍ॅना भावाला सांगते की तो चांगला माणूस आहे, मी त्याच्या करंगळीच्या पण लायकीची नाही आणि तरी मला त्याचा तिरस्कार वाटतो, त्याच्या मोठेपणाचाच. माफ करणाऱ्याला हलकं वाटतं, जिला माफ केलं ती त्याखाली दबून जाते. टॉलस्टॉयने हे किती आत जाऊन पाहिलंय! आणि ती निघून गेल्यावर कॅरेनिनचा तो मोकळेपणा पण टिकत नाही. कपड्यांच्या दुकानाचं तिने भरायला विसरलेलं बिल नोकर आणून देतो आणि त्या एका कागदाने तो कोलमडतो. नेमकी तेव्हा त्याच्या ओळखीची काउंटेस लिदिया येते, देवाधर्माच्या तयार वाक्यांसकट, आणि भाषा नसलेल्या माणसाला आयती भाषा मिळते. सेर्योझाला आई मेली असं सांगितलं जातं. घटस्फोटाचा निर्णय तर शेवटी दिव्यदृष्टी आहे असं मानल्या जाणाऱ्या एका फ्रेंच माणसाच्या झोपेतल्या बरळण्यावर होतो. इथे मला कॅरेनिनचा खरंच राग येतो, आणि यावा असंच ते लिहिलंय.

शेवटच्या भागात तो समोर येतच नाही. अ‍ॅना गेलीय, रेल्वे स्टेशनवर व्रॉन्स्कीची आई कोणाशी तरी बोलताना सांगून जाते की मुलीला कॅरेनिन घेऊन गेला. बस, तेवढंच. मी दोन्ही वेळा ते वाक्य वाचलं असणार, पण पहिल्या वेळचं काहीच आठवत नाही. या वेळी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि तो त्या मुलीशी काय बोलत असेल याचा विचार करत बराच वेळ तशीच बसले.