रडिंग्टनमधला ४७ नंबर

नॉटिंगहॅमजवळच्या रडिंग्टन गावात आम्ही सुनेच्या पूर्वजांचं ४७ नंबरचं घर शोधत दोन तास फिरलो. गल्ली २८ ला संपते. मुळात तो घराचा नंबर नव्हताच, आणि हे कळायला आम्हाला २४० पौंड, एक अख्खा दिवस आणि सुनेचे बूट मोजावे लागले.

सून तिकडचीच. नातू झाल्यावर मी आमचा कुलवृत्तांत काढून दाखवला, तेव्हा तिलाही तिच्या बाजूचं काहीतरी हवंसं वाटलं. तिकडे गोत्र, कुलदैवत असं धरायला काही नाही. माणूस सापडतो तो धंद्यावरून आणि पत्त्यावरून. तिने एका खासगी कंपनीकडून अहवाल करून घेतला. १८६१ च्या जनगणनेत तिच्या खापरपणजोबांचे वडील म्हणे शेतमजूर, घर नंबर ४७, आणि कामाची जागा 'बहुधा' बनी गावाच्या वाटेवरचं एक शेत. वर आडनावाचं कुलचिन्ह, म्हणजे ढालीवर काढलेलं घराण्याचं चिन्ह, फ्रेमसकट, ६० पौंड जादा. ही सरळ लूट आहे. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळतच नाही. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. फ्रेम अजिबात घेऊ नका.

बनीची वाट मी विसरणार नाही. अंतर चार-पाच किलोमीटर, चढ म्हणावा असा नाही. पण दोन दिवसांच्या पावसानंतर तिथली चिकणमाती पाय सोडत नाही. एका फाटकापाशी सुनेचा बूट रुतून बसला, ती एका पायावर उभी आणि मी दोन्ही हातांनी बूट उपसतेय. "आई, राहू द्या, परत जाऊ," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. पुढे एक बंद गोठा, तारेचं कुंपण आणि आणखी चिखल. सुनेच्या पूर्वजांचं तिथे काहीच नव्हतं. तुम्ही जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी नॉटिंगहॅमशायर आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरात गेलो. आधी जायला हवं होतं ते इथेच. ओळखपत्र न्या, पेन्सिल न्या, पेन चालत नाही. तिथल्या बाईंनी मूळ पानाची प्रत पडद्यावर मोठी केली आणि पहिल्या रकान्याच्या मथळ्यावर बोट ठेवलं: शेड्यूलचा नंबर. म्हणजे गणनाकाराने गोळा केलेल्या फॉर्मचा अनुक्रमांक. गल्लीचं नाव शेजारच्या रकान्यात होतं, घराचा नंबर कुठेच नव्हता. आणि धंद्याच्या जागी 'एफ.डब्ल्यू.के.' अशी तीन अक्षरं. कंपनीने ती 'फार्म वर्कर' अशी लावली. त्या भागात त्याचा अर्थ एकच, फ्रेमवर्क निटर, म्हणजे हातमागासारख्या यंत्रावर मोजे विणणारा. त्याखाली बायको 'सीमर', मोजे शिवणारी, आणि नऊ वर्षांचा मुलगा सूत गुंडाळणारा. मला भरून आलं. अख्खं घर एकाच मोज्यावर राबत होतं.

म्हणून अहवाल विकत घेऊ नका, मूळ पानाचं चित्र स्वतः बघा. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवलेली असतात, त्यामुळे तिथल्या वयावरून जन्मसाल ठरवू नका. घर शोधायचं तर गणनाकार ज्या क्रमाने चालला तो क्रम धरा. पब, चर्च, पाद्र्याचं घर या खुणा पानांवर सापडतात. मग नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरचे ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे तिकडच्या सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे, फुकट आहेत, शेजारी उघडून ठेवा. आम्हाला घर नाही, पण गल्लीची बाजू मिळाली.

रडिंग्टनचं फ्रेमवर्क निटर्स म्युझियम मात्र चुकवू नका. उघडं असण्याचे दिवस आधी विचारा. १८२९ च्या सुमाराची माग चालवण्याची खोली आहे, उजेडासाठी लांबच लांब खिडक्या. शिशात रोवलेल्या सुयांची रांग, पायाखाली पेडल, आणि एक फेरा झाला की खोलीभर खडखडाट. काम नसलं तरी यंत्राचं भाडं कापलं जायचं. सून बराच वेळ त्या बाकाच्या लाकडावर हात ठेवून उभी होती.

नॉटिंगहॅमचे बाकी दोन दिवस छान गेले.

पुढची पायरी लग्नाचा दाखला. १ जुलै १८३७ नंतरच्या दाखल्यावर नवरा-नवरी दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. तो आम्ही मागवलाय.