दुकानवाला म्हणाला एसएसडी उडाली, निघाला बटन सेल

लोगो येतोय, खाली ते टिपके गोल गोल फिरतायत, मग निळी स्क्रीन, त्यावर तो रडका चेहरा, आणि परत लोगो. शुक्रवारी सकाळी चहा घेऊन कामाला बसले तर लॅपटॉपवर हेच चाललेलं. असं दोनतीनदा झालं की विंडोज आपणहून ऑटोमॅटिक रिपेअरमध्ये शिरतं, तसं शिरलं, बराच वेळ तपासल्यासारखं केलं आणि शेवटी सांगितलं की पीसी रिपेअर करता आला नाही. निळ्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात स्टॉप कोड असतो, तो वाचेपर्यंत स्क्रीन गायब होते, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि पॉज करून बघितलं. इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हणजे ज्या डिस्कवरून चालू व्हायचं तीच विंडोजला सापडत नव्हती.

मी घरून चारपाच दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी बघते. वीस तारखेला थ्री-बी, म्हणजे जीएसटीचा दरमहाचा रिटर्न, भरायचा असतो आणि वीस तारीख दोन दिवसांवर आलेली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता खरा पण आठवड्यापूर्वीचा, आणि सगळ्यांची बिलं नेमकी शेवटच्या आठवड्यातच येतात हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

लॅपटॉपची थोडी कुंडली सांगते, कारण पुढे तीच कामाला आली. मशीन २०१८ चं. आधी एक टीबीची फिरती हार्डडिस्क होती, चालू होईपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, म्हणून नंतर एका दुकानात एम डॉट टू वाली एनव्हीएमई एसएसडी (न फिरणारी, पट्टीसारखी वेगवान डिस्क) बसवून घेतली, त्यांनीच विंडोज मारून दिलं आणि जुनी डिस्क काढून केसमध्ये घालून बाहेरून लावायला दिली. मग गेल्या उन्हाळ्यात टचपॅड एका बाजूने वर यायला लागला. क्लिक दाबलं जाईना. उघडून बघितलं तर मेन बॅटरी फुगलेली! ती काढली (फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात टाकू नका, ई-कचरा घेतात तिथेच द्या) आणि नवीन घेऊ घेऊ म्हणत तेव्हापासून लॅपटॉप निव्वळ अॅडॉप्टरवर चालू होता.

तर, आधी सगळे करतात ते मीही केलं. माउस, पेनड्राइव्ह, प्रिंटरची वायर सगळं काढलं, अॅडॉप्टर काढून पॉवर बटन अर्धा मिनिट दाबून धरलं, परत लावलं. काही नाही. रिपेअरच्या मेनूतून सेफ मोड, स्टार्टअप रिपेअर, दोन्हीचा तोच शेवट. रिसेट धीस पीसीला मात्र हात लावला नाही, तिथे एक चुकीचं बटन दाबलं की सगळ्यांचे हिशेब स्वाहा.

दुपारी दुकानात नेला. त्याने चालू केला, निळी स्क्रीन बघितली, उघडलासुद्धा नाही. "मॅडम, एसएसडी उडालीये. नवीन टाकतो, विंडोज मारून देतो, संध्याकाळी न्या." डेटाचं काय म्हटलं तर म्हणे रिकव्हरीचे वेगळे पैसे, आणि गॅरंटी नाही. मी जरा अडून विचारलं की अहो एसएसडी मेली असेल तर ही रिपेअरची स्क्रीन येते कुठून? कंपनीचा लोगो मदरबोर्डवरच्या चिपमधून येतो हे मान्य, पण त्याच्या पुढचा सगळा मामला, ती निळी स्क्रीन, तो मेनू, हे एसएसडीवरूनच लोड होतं ना. त्यावर "तसं होतं कधीकधी" असं उत्तर मिळालं. मी लॅपटॉप उचलला आणि घरी आले.

घरी येऊन बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डवरचं सेटिंगचं पान, उघडला. माझ्यात चालू करताना एफ-टू दाबत राहावं लागतं, कुणाकडे एफ-टेन असतं, कुणाकडे डिलीट. आत बघते तर एसएसडीचं नाव, साईज सगळं व्यवस्थित दिसतंय. आणि वर कोपऱ्यात तारीख: १ जानेवारी २०१८. वेळ बारा वाजून काही मिनिटं, म्हणजे घड्याळ अॅडॉप्टर लावल्या क्षणी शून्यापासून सुरू झालं होतं. हे विचित्र वाटलं, पण डिस्क न सापडण्याशी तारखेचा काय संबंध ते तेव्हा काही जुळेना.

संध्याकाळी भाचा आला. इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या बॅगेत उबुंटूचा (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम) पेनड्राइव्ह कायम असतो. तो लावून बूट मेनूतून चालू केला की लॅपटॉपमध्ये काहीही न टाकता नुसतं पेनड्राइव्हवरून सगळं चालतं, तेव्हा बेत असा की विंडोज बाजूला ठेवायचं आणि आधी टॅलीचा फोल्डर कॉपी करून घ्यायचा. उबुंटू झक्क चालू झालं, वायफाय लागलं, पण फाईल्समध्ये एसएसडीचा पत्ताच नाही, फक्त पेनड्राइव्ह. माझं तोंड उतरलं. मनात म्हटलं दुकानवाला बरोबर होता की काय.

"थांब गं मावशी," म्हणाला आणि सहज इन्स्टॉलचं बटन दाबलं, इन्स्टॉल करायला नाही, डिस्क दिसते का बघायला. तर पुढच्याच स्क्रीनवर सूचना, की या कॉम्प्युटरवर इंटेल आरएसटी चालू आहे, आधी ते बंद करा. मग त्याने काळ्या खिडकीत कसलीशी कमांड मारली, ओळींचा पाऊस पडला आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीत चक्क लिहिलेलं की एक एनव्हीएमई सापडलीये पण ती आड गेलेली आहे, वापरायची असेल तर बायोस रेड मोडवरून एएचसीआय मोडवर करा. इतकं सरळ उत्तर मशीन स्वतः देतं, फक्त आपण विचारत नाही!

त्याने मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती बायोसमध्ये असतात, एक एएचसीआय आणि दुसरी रेड, म्हणजेच ते आरएसटी. विंडोज ज्या पद्धतीत मारलेलं असतं त्याच पद्धतीचा ड्रायव्हर ते सुरुवातीला घेतं. मधेच कुणी पद्धत बदलली तर दार तेच, आतलं सामान तेच, पण कुलूप बदललेलं आणि आपल्या हातात जुनी किल्ली. माझ्या मशीनची कारखान्यातली सेटिंग रेड होती. एसएसडी बसवणाऱ्याला विंडोज टाकताना ती डिस्क दिसली नसणार, म्हणून त्याने एएचसीआय केलं आणि विंडोज मारलं. आता बायोस सगळंच विसरून कारखान्यातल्या सेटिंगवर गेला, म्हणून परत रेड.

मोड बदलायच्या आधी त्याने एक गोष्ट विचारली ती फार कामाची आहे. ड्राइव्ह एन्क्रिप्शन म्हणजे बिटलॉकर चालू आहे का? चालू असेल तर बायोसमधलं असं काही बदललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह असते किंवा कुणीतरी कधीतरी प्रिंट काढून ठेवलेली असते. ती हातात नसेल तर पुढचा रस्ता बंद. माझं एन्क्रिप्शन बंद होतं हे मला नक्की माहीत होतं, पण नवीन लॅपटॉपवर ते बऱ्याचदा आपल्याला न विचारताच चालू असतं, तेव्हा आधी मोबाईलवरून अकाउंट उघडून की दिसतेय का बघून घ्या आणि मगच बायोसमध्ये हात घाला.

स्टोरेजच्या पानावर जाऊन एएचसीआय केलं, तारीख-वेळ टाकली, एफ-टेनने सेव्ह केलं. लोगो, टिपके, आणि पासवर्डची स्क्रीन! मी पहिल्यांदा काय केलं असेल तर टॅलीचा फोल्डर दोन ठिकाणी कॉपी केला. तो होईपर्यंत भाच्याला पोहे पण विचारले नाहीत.

आता प्रश्न उरला की बायोस विसरला का. भाच्याला बटन सेलची शंका होतीच. मदरबोर्डवर एक छोटा सेल असतो, लॅपटॉपला कुठूनच करंट नसताना आतलं घड्याळ आणि बायोसच्या काही गोष्टी जिवंत ठेवायला. मेन बॅटरी असली तर या सेलवर फारसा भार येत नाही, पण माझ्यात ती नव्हतीच, सगळी मदार अॅडॉप्टरवर. आदल्या दिवशी गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीच्या कामाला लाईट घालवतात, त्या दिवशी सकाळी गेली ती संध्याकाळी आली, आणि रात्री विजा कडाडायला लागल्या म्हणून मी बोर्डाचं बटन बंद करून झोपले. म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस-रात्र लॅपटॉप त्या एका सेलवर. आणि हो, त्याआधी महिनाभर तरी सकाळी घड्याळ दहावीस मिनिटं मागे दिसायचं, नेट लागलं की आपोआप बरोबर व्हायचं, त्यामुळे कुणाचं लक्ष जाणार. सेल उतरत आला की घड्याळ असंच मागे पडायला लागतं म्हणे.

नुसत्या शंकेवर लॅपटॉप उघडायचा नाही म्हणून परीक्षा घेतली. शटडाऊन केला, अॅडॉप्टर काढला, जेवणं उरकली, परत लावला. १ जानेवारी २०१८, आणि मोड परत रेड. झालं, चोर सापडला.

शनिवारी उघडला. खालचे स्क्रू काढायचे, दोन स्क्रू रबराच्या पायांखाली लपलेले असतात ते विसरायचं नाही, नाहीतर झाकण ओढून ओढून क्लिपा तुटतात. लांब-आखूड स्क्रू मी कागदावर लॅपटॉपचा आकार काढून त्या त्या जागी चिकटपट्टीने चिकटवले. कडेने जुनं सिमकार्डचं प्लास्टिक फिरवलं की झाकण टक टक करत सुटतं. आत पंख्याच्या शेजारी काळ्या वेष्टनात गुंडाळलेला, दोन वायरी निघालेला तो सेल डबल टेपने चिकटवलेला. सेल सॉकेटमधून काढताना वायर धरायची नाही, प्लास्टिकचा कनेक्टर नखांनी डावीउजवीकडे हळूहळू हलवत काढायचा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून कनेक्टरवर टेकवला तर १.१. नवीन सेल तीन किंवा त्याहून थोडा जास्त दाखवतो.

सेलचा नंबर सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, हा घड्याळवाल्याकडेपण मिळतो. पण मला हवा होता वायर आणि कनेक्टर लावलेला, तेव्हा मुकाट्याने पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. तिथे शनिवारी दुपारी चालायलासुद्धा जागा नसते, पण तिसऱ्या दुकानात मिळाला, शंभराच्या आतच. साधा सेल घेऊन त्यावर जुन्या वायरी डाग देऊन चिकटवल्या तर चालेल का विचारलं तर दुकानातले काका जवळजवळ ओरडलेच. "ताई, सेलवर डायरेक्ट सोल्डर नाही करायचं, तापला की फुटतो. हा बघा, याला पत्री वेल्ड केलेली आहे, वायर पत्रीला आहे." मग त्यांनीच जुना सेल मागून घेतला आणि दोन्ही कनेक्टर शेजारी शेजारी धरून लाल-काळी वायर एकाच बाजूला येतेय का ते बघितलं. पहिला जो काढला त्यात उलटी होती! दिसायला हुबेहूब, कनेक्टर बसलासुद्धा असता. दुसरा काढून दिला. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, तेव्हा जुना सेल दुकानात घेऊन जाच.

घरी येऊन बसवला, झाकण लावलं, बायोसमध्ये परत तारीख आणि एएचसीआय, सेव्ह. मग अॅडॉप्टर काढून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी तारीख बरोबर, वेळ बरोबर, विंडोज पहिल्या झटक्यात चालू. रविवारी दुपारी बिलं चढवली, संध्याकाळी थ्री-बी गेले, पोर्टल वीस तारखेला जसं चालायचं तसंच चाललं, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

मेन बॅटरी अजून घेतलेली नाही. आठ वर्षांच्या मॉडेलची ओरिजिनल मिळेना आणि ऑनलाईन ज्या मिळतात त्या फुगायला किती दिवस घेतील देव जाणे. भाच्याचं म्हणणं की सेल पुन्हा उतरला तरी अडायला नको म्हणून विंडोजच रेडवर नेऊया, एकदा सेफ मोडमध्ये चालू व्हायची सेटिंग करायची, बायोसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये चालू झालं की विंडोज नवीन ड्रायव्हर उचलतं आणि मग सेफ मोडची सेटिंग काढून टाकायची, फॉरमॅट मारायची गरजच नाही. होत असेल, पण मी त्याला सांगितलंय, आता मार्चएंड होईपर्यंत या मशीनला कुणी हात लावायचा नाही.