सायबाच्या दर्शनाला मी का गेले नाही

"तूं सायबाक पळोवंक वचूंक ना?" शेजारीण विचारते. वसईहून भाचीचा फोन येतो, "मावशी, तू तिथंच राहतेस आणि तूच गेली नाहीस?" नवऱ्याच्या ऑफिसातली हिंदू मंडळी पहाटे लाईनीत उभी राहून आली, तीही विचारतात. सायब म्हणजे आमचे संत फ्रान्सिस झेवियर. दहा वर्षांतून एकदा त्याच्या देहाची पेटी ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू चर्चमधून खाली उतरते, दीड महिना से कॅथेड्रलमध्ये राहते, आणि रायबंदरहून ओल्ड गोवा बसने पंधरा मिनिटं. २०१४ ला विचारलंत, २०२४ ला विचारलंत. मी गुडघ्यांचं सांगितलं, गर्दीचं सांगितलं. एकीने तर मी प्रोटेस्टंट झाल्याचं पसरवलं. झाले नाही. रविवारची मिस्सा चुकवत नाही, आणि धुपाटणं हलवत फादर वेदीभोवती फिरतात तेव्हा तो धूर माझ्यापर्यंत यावा म्हणून अजूनही पुढचा बाक धरते. सायबाशी माझं भांडण नाही. तुम्ही आता विचारलंतच आहे, तर एकदा सगळं सांगते. पुन्हा विचारू नका.

माझी आई वसईची. आमच्या वाडीत मोगरा होता. पहाटे अंधारात कळ्या खुडायच्या, टोपल्या भरायच्या, गाडीने दादरच्या फुलबाजारात पाठवायच्या. तिच्या पदराला, बोटांना, उशीलासुद्धा मोगऱ्याचा वास. फादर स्टीफन्सनी इथं गोव्यात बसून ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ ला राशोलला छापलं, त्यात मराठीची स्तुती करताना त्यांना 'पुस्पांमाजी पुस्प मोगरी' हेच सुचलं. शाळेत ती ओवी पाठ करताना मला वाटायचं, हे आपल्या आईबद्दलच आहे.

२०१४ च्या पावसाळ्यात आई आमच्याकडे आली. ऑक्टोबरात कळलं की छातीला गाठ आहे आणि ती फुटून जखम झाली आहे. वर्षभर तिने ती पदराखाली, घडी केलेल्या जुन्या साडीच्या तुकड्याखाली लपवली होती. बाईची जागा, कोणाला दाखवायची? डॉक्टर म्हणाले, आता उशीर झालाय, घरी ठेवा, जमेल तेवढं सुख द्या.

आणि मग वास. तो कसा होता हे मी लिहिणार नाही. ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी ते कळून काय करायचं? मी अगरबत्ती लावली, डेटॉल शिंपडलं, कोणीतरी सांगितलं म्हणून खाटेखाली बशीत कॉफीची पूड ठेवली. मांडवीच्या बाजूची खिडकी रात्रभर उघडी. तरी जिन्यात पाऊल ठेवलं की कळायचं. काही दिवसांनी मी माझी गादी हॉलमध्ये हलवली. आईला सांगितलं, मला पहाटे उठावं लागतं, तुझी झोपमोड नको.

नाताळाआधीच्या आगमन काळाच्या पहिल्या आठवड्यात एक प्रार्थना-गट घरी आला. मीच बोलावलं होतं. पाच बायका, एक पुरुष. एकीने दारातच रुमाल नाकाला लावला, मग ओशाळून काढला. त्यांच्यात जी मुख्य होती तिने आईच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "हा वास जखमेचा नाही, बाय. आत काहीतरी अडकलंय. ते कबूल केलं की जाईल." आवाज तेवढा हळू नव्हता. आईने ऐकलं.

त्या बाईला मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात झोडपलं. पण खरं सांगायचं तर त्या रात्री आईच्या खाटेशी बसून मीच विचारलं, "आई, फादरना सांगायचं राहून गेलंय असं काही आहे का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग सांगू लागली. एकदा शिळ्या कळ्या ताज्यात मिसळून दादरला पाठवल्या होत्या. सासूशी तीन महिने अबोला धरला होता. धाकट्याला ताप असताना चापट मारली होती, ताप आहे हे माहीत नव्हतं. लेंटच्या उपवासकाळात एका शुक्रवारी सुकट खाऊन झाल्यावर परत कालवणाच्या भांड्याला बोट लावलं. दारी आलेल्या एका म्हातारीला पुढच्या घरी जा म्हणाली. असं पहाटेपर्यंत. मी हात धरून बसले होते. मध्ये एकदा मान खिडकीकडे वळवून श्वास घेतला. तिने पाहिलं असेल, नसेल.

दुसऱ्या दिवशी वास तसाच. आई म्हणाली, "म्हणजे अजून काहीतरी आहे. आठवत नाही मला."

त्यानंतरचे दहा-बारा दिवस ती आठवत बसायची. जेवता जेवता थांबायची. बायबलमध्ये ३८ व्या स्तोत्राशी तिने पवित्र चित्राचं कार्ड घालून ठेवलं होतं, जिथं दाविद म्हणतो की माझ्याच मूर्खपणामुळे माझ्या जखमा सडल्या आणि त्यांना घाण येते. शेजारच्या घरून सायबाच्या लाईनीचं बोलणं कानावर यायचं. मी म्हटलं, आई, तुला जायचंय का? ती म्हणाली, "हा वास घेऊन सायबापुढे कशी जाऊ गं?" सायब म्हणजे ज्याच्या देहाला वास आला नाही तो. तिचं चुकलं काय?

डिसेंबरच्या मध्यावर ओळखीची एक नर्स घरी आली. नाकाला काही न लावता जखमेवर वाकली, दोनदा हुंगलं, स्वयंपाकघरात डाळ लागली का बघतात तसं. म्हणाली, मेट्रोनिडाझोल आणा, जंतू मारायचं औषध. चारशे मिलिग्रॅमच्या गोळ्या. दोन चमच्यांमध्ये दाबून त्यांची पूड केली. कोमट मिठाच्या पाण्याने चिकटलेलं गॉज भिजवून, न ओढता सोडवलं, पूड भुरभुरली, वर स्वच्छ पट्टी. मला समजावलं की गाठ वाढते तसा आतला भाग रक्त न मिळून मरतो, तिथं हवा न लागणारे जंतू माजतात, हा वास त्यांचा. प्रेताला जो येतो तोच. त्या रसायनांची नावंसुद्धा तशीच ठेवली आहेत, सडण्यावरून प्युट्रेसिन आणि प्रेतावरून कॅडॅव्हरिन. चार दिवसांत वास जवळजवळ गेला. जखम तेवढीच होती.

मी आईला म्हटलं, बघ, गोळीने गेला, तुझ्या पापाचा काही संबंध नव्हता. ती म्हणाली, "आणि गोळी कोणी पाठवली?" यावर काय बोलणार!

आई फेब्रुवारीत गेली. मग मी वाचत सुटले, रागाने. सायब ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला तेव्हा लोकांनी पेटीत चुना भरला होता, मांस लवकर झडावं, हाडं नेता यावीत म्हणून. फेब्रुवारीत पेटी उघडली तर देह ताजा. मलाक्कामार्गे मार्च १५५४ मध्ये तो गोव्यात आला. सडला नाही म्हणजे संत, ही जुनी समजूत. दुसऱ्या शतकात बिशप पॉलिकार्पला जाळलं तेव्हा भाकरी भाजल्यासारखा, धुपासारखा सुवास आल्याचं त्या काळच्या ख्रिस्ती लोकांनी लिहून ठेवलंय. उलट बाजूला अंतियोख राजा, बायबलमधल्या मकाबींच्या दुसऱ्या पुस्तकातला, जिवंतपणी किडे पडून त्याच्या घाणीने सैन्य हैराण झालं. नरकात गंधक. सिएनाच्या संत कॅथरीनला म्हणे समोरच्याच्या पापाचा वास यायचा. पौल कोरिंथकरांना लिहितो की आम्ही ख्रिस्ताचा सुगंध आहोत, काहींना जीवनाचा आणि काहींना मरणाचा. हे सगळं वाचताना मला त्या प्रार्थना-गटाच्या बाईचं हसू येईना. ती एकटी नव्हती, तिच्या मागे मोठी रांग होती.

पण धर्मशिक्षणाच्या वर्गात टीचरने सांगितलेली गोष्ट मला तेव्हाच आठवायला हवी होती. एक संन्यासी आणि एक देवदूत रस्त्याने चाललेले. वाटेत कुजलेलं प्रेत. संन्यासी नाक दाबतो, देवदूत तसाच पुढे. मग समोरून एक देखणा, नटलेला, अत्तर लावलेला गर्विष्ठ तरुण येतो, आणि देवदूत नाक दाबतो. आम्ही पोरं हसायचो. लहानपणी मी त्यातून एवढंच घेतलं की पापाला वास येतो. प्रेताजवळ देवदूताने नाक दाबलं नव्हतं, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. बायबलात लाजरसच्या थडग्याशीही त्याची बहीण मार्था सांगते, प्रभू, चार दिवस झाले, आता वास येत असेल. येशू त्यावर लाजरसच्या पापाबद्दल एक अक्षर बोलत नाही. धोंड काढा म्हणतो.

हे मला पटलंय असं मी लोकांना सांगते. पटलंय का? कचऱ्याच्या गाडीमागे स्कूटर अडकली की माझं नाक आधी मुरडतं आणि गाडीवरच्या माणसाबद्दल मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. आणि त्या बाईचं म्हणणं खोटं म्हणावं, तर सायबाच्या देहाला वास आला नाही त्याचं काय करू? एक खरं मानायचं आणि दुसरं नाही, हे मला जमत नाही. फादरना विचारलं. ते म्हणाले, श्रद्धेच्या गोष्टींना असं उलटं चालवू नये. मी म्हटलं, सगळे तसंच चालवतात फादर. त्यांनी चहा मागवला.

आता राहिलेलं. २०१५ च्या एक जानेवारीला आई खाटेवर उठून बसली होती. वास नव्हता. खोलीत नुसता पट्टीचा, औषधाचा वास. तिने तिची मोरपंखी साडी, सायबासाठी वसईहून आणलेली, कपाटातून काढून मांडीवर घेतली होती. म्हणाली, "लाईन अजून आहे का गं?"

दर्शन चार तारखेपर्यंत होतं. नवरा घरी होता, गाडी दारात होती. आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर बंद जागा, गर्दी, उकाडा, आणि पट्टी भिजली तर?

"खूप आहे," मी म्हटलं. "जमणार नाही तुला."

ती साडीची घडी घालू लागली. लाईन किती आहे हे बघायला मी गेलेच नव्हते.