तुम्ही विचारलंत म्हणून: पंतप्रधान मिल्ट्रीवालाच पाहिजे का?

रिटायर होऊन गावी आल्यापासून एक प्रश्न काही माझा पिच्छा सोडत नाही. लग्नाची पंगत असो, एसटी स्टँड असो नाहीतर सलून, कुणीतरी विचारतंच, 'सुभेदार, तुम्हीच सांगा, देशाचा पंतप्रधान मिल्ट्रीत नोकरी केलेलाच पाहिजे का नको? निदान दोन वर्षं बॉर्डरवर काढलेला? कायदाच केला पाहिजे तसा!' विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्याला फक्त माझी मान हललेली बघायची असते. आमचा सातारा जिल्हा, इथं मिल्ट्रीवाल्याला मान मोठा, त्यामुळं रिटायर फौजीच 'नको' म्हणाला की लोक जरा चमकतात. पण मी नकोच म्हणतो. का म्हणतो ते सांगतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

आधी मला सांगा, लष्करी अनुभव म्हणजे नक्की कशाला म्हणायचं? मी एएससीतला, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअर, राशन, रॉकेल, डिझेल हे आमचं काम. नोकरी माझी जेरीकॅन मोजण्यात आणि गाड्या लोड करून घेण्यात गेली. हे काम हलकं नाही बरं का, वरच्या पोस्टवर रॉकेल संपलं तर बर्फ वितळवायला काही उरत नाही, बर्फ वितळला नाही तर प्यायला पाणी नाही, मग तिथं कितीही शूर जवान बसवा. पण म्हणून मी देश चालवायला लायक झालो का? फौजेत दातांचा डॉक्टर असतो, बँडवाला असतो, क्लार्क असतो, सगळे वर्दीतलेच. आणि आता अग्निवीर, 2022 पासून सुरू झालेले, चार वर्षं नोकरी आणि मग शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम, बाकीचे घरी. त्या घरी येणाऱ्या पोरांचा अनुभव या कायद्यात धरणार का नाही? विचारलं की पंगतीतला माणूस म्हणतो, तसं नाही हो, लढलेला पाहिजे. बरं, लढाई झाली नाही तर? वीस-वीस वर्षं इमानदारीनं नोकरी करून एक गोळी न झाडता पेन्शनला आलेले किती आहेत, विचारा कुणालाही.

लोकांच्या डोक्यात मुख्यतः 1962 असतं. तेव्हाचे संरक्षणमंत्री मेनन सिव्हिलियन होते, त्यांना फौजेतलं काय कळत होतं, म्हणून चीननं मारलं, असा साधा सरळ हिशोब. कृष्ण मेनन यांची बाजू घ्यायची मला काही गरज नाही, त्यांनी केलं ते केलंच. पण त्यांच्या भोवती वर्दीवाले कमी नव्हते ना.

आपल्या कोल्हापूरकडचे जनरल थोरात, एस. पी. पी. थोरात, तेव्हा ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. 1960 साली त्यांनी लखनौला 'लाल किला' नावाची एक्सरसाइज घेतली आणि त्यात चिनी फौज आली तर कुठून येईल, आपण कुठं अडवू शकतो आणि कुठं नाही, आपल्याला किती माणूस आणि सामान लागेल, हे सगळं मांडून दाखवलं. वरून उत्तर काय, तर हा माणूस उगाच भीती घालतोय. 1961 ला आर्मी चीफ जनरल थिमय्या रिटायर झाले तेव्हा पुढचे चीफ म्हणून थोरातांचं नाव चर्चेत होतं, पण चीफ झाले जनरल थापर, आणि त्यांच्या हाताखाली चीफ ऑफ जनरल स्टाफ म्हणून बसले मेननसाहेबांच्या मर्जीतले लेफ्टनंट जनरल कौल. पुढं ऑक्टोबर 1962 मध्ये नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, चीनला हुसकवायला जी नवी कोअर (इथं अर्थ मोठी लढाऊ फौज) काढली, तिची कमांडही कौलांकडेच दिली.

आता गंमत बघा. कौल इंग्लंडातल्या सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजातून आलेले, तीसेक वर्षांची नोकरी, खांद्यावर लेफ्टनंट जनरलचे बिल्ले, म्हणजे तुमच्या त्या कायद्याच्या सगळ्या अटी पुऱ्या. पण लढाईत साधी एक बटालियनही त्यांनी कधी कमांड केलेली नव्हती. आणि नोकरीची बरीच वर्षं काढली होती कुठं, तर आमच्याच एएससीत! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईटच वाटलं, कारण नेफातल्या नामका चू नदीवर आधी मार खाल्ला तो रसदीनंच. चौदा हजार फुटांच्या आसपासचा तो डोंगर, ऑक्टोबरची थंडी, आणि जवानांच्या अंगावर सुती वर्दी, पायात कॅनव्हासचे बूट, काडतुसं मोजकी. विमानातून त्सांगधरला सामान टाकायचे, त्यातलं कितीतरी दरीत जायचं. एएससीतल्या साध्या हवालदारालाही ही परिस्थिती दाखवली असती तर तो म्हणाला असता, साहेब, पुढं जाऊ नका, खायला-ल्यायला नाही. वर जाऊन आल्यावर कौलसाहेब आजारी पडले, दिल्लीला आले आणि अंथरुणावरूनच कोअर चालवायला लागले. 20 ऑक्टोबरला चिनी आले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे एका बाजूला थोरात, दुसऱ्या बाजूला कौल, दोघंही वर्दीतले. निवडायचं होतं सिव्हिलियन माणसाला, आणि त्यानं मनासारखं बोलणारा निवडला. इथं स्वतः मंत्र्यानं कधी रायफल उचलली होती का हा प्रश्नच येत नाही, 'हे जमणार नाही' म्हणणाऱ्याला त्यानं खोलीत ठेवलं का बाहेर घालवलं, एवढंच बघायचं.

मग मेनन गेले आणि संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला वगैरे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळं यशवंतराव फौजी नव्हते हेच आपण विसरतो. देवराष्ट्र्याचा शेतकऱ्याचा पोरगा, शिकून वकील झालेला, बेचाळीसला भूमिगत राहिलेला, मुंबईत मुख्यमंत्री. मिल्ट्रीचा अनुभव शून्य! पण त्यांनी तिन्ही चीफना नेमानं समोर बसवायला सुरुवात केली, ऐकून घेतलं आणि कुठली पलटण कुठं लावायची यात बोटं घालायचं बंद केलं. त्याचा हिशोब 1965 ला दिसला. 1 सप्टेंबरला जम्मूकडच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, दुपारी आर्मी चीफ जनरल चौधरी आणि एअर चीफ अर्जन सिंग यशवंतरावांकडे गेले, विमानं वापरू द्या म्हणाले. लढाईत विमानं उतरवायची म्हणजे लहान निर्णय नाही, 1962 ला आपण तो घेतलाच नव्हता. यशवंतरावांनी फार वेळ न लावता हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटवरून विमानं उडाली. पहिल्याच दिवशी आपली व्हॅम्पायर विमानं पडली, ती जुनाट होती, किंमत मोजावी लागली. पण पाच दिवसांत लाहोरच्या दिशेनं फौज गेली आणि तो हुकूम देणारे पंतप्रधान कोण, तर शास्त्रीजी. त्यांच्या अंगावर तरी कुठं वर्दी होती!

आपल्याकडं आजवर एकही पंतप्रधान फौजेतून आलेला नाही, हे कुणाला सांगितलं की खरं वाटत नाही. राजीव गांधी पायलट होते ना, म्हणतात. होते, पण इंडियन एअरलाइन्सचे.

आणि ज्यांच्याकडं फौजीच खुर्चीवर बसले त्यांचं काय झालं ते शेजारीच बघा की. 1971 ला तिकडं पाकिस्तानात याह्या खान, स्वतः जनरल. इकडं इंदिराबाई आणि संरक्षण खात्यात जगजीवनराम. 93,000 कैदी कुणाचे झाले? कारगिल घ्या, मुशर्रफ तेव्हा लष्करप्रमुख, खुर्चीवर नंतर बसले, पण कमांडो, 65 आणि 71 बघितलेले, डोंगरावर माणसं चढवायची त्यांची योजना फौजी म्हणून वाईट नव्हती हे मीही म्हणीन, पण चढवल्यावर जग काय म्हणेल, भारत काय करेल, याचा विचारच नाही. टेकडी कशी घ्यायची ते फौजीला शिकवतात, घ्यावी का नको हे शिकवत नाहीत. (शिवाजी महाराज स्वतः लढायचे की, असं आता कुणीतरी म्हणणारच. लढायचे, पण महाराजांचं उदाहरण देऊन कायदा करायचा तर महाराज आणणार कुठून? त्यापेक्षा भाऊसाहेब पेशवे घ्या, 1760 ला उदगीर मारलेला कसलेला सेनापती, आणि वर्षभरात पानिपतावर रसद तुटून फौज उपाशी. परत रसद. माझी गाडी तिथंच येते, काय करणार.)

आता उलटं पण सांगतो, नाहीतर म्हणाल सुभेदार एकतर्फी बोलतात. अनुभवाचा उपयोग नाही असं नाही. अमेरिकेचे आयझेनहॉवर पंचतारांकित जनरल, नॉर्मंडीचं सैन्य उतरवलेले, पण राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1953 ला कोरियात युद्ध थांबवलं आणि 1961 ला जाताजाता सांगून गेले की लष्कर आणि शस्त्रांचे कारखानदार यांच्या युतीपासून सांभाळा. मढी बघितलेला माणूस असं बोलतो. पण त्याच देशात लिंकन, फौजेत जेमतेम काही आठवडे, तेही मिलिशियात, म्हणजे हंगामी फौजेत, लढाई न बघता, आणि यादवी युद्धासारखं मोठं युद्ध त्यांनीच चालवलं. अनुभव असला तर चांगलंच, मत देताना जमेला धरा. मी अट घालायच्या विरुद्ध आहे.

कारण अट घातली की पहिल्यांदा बाया बाद. डॉक्टर-नर्स सोडल्या तर फौजेत बायकांना ऑफिसर म्हणून घ्यायला लागले 1992 पासून, एनडीएचं, म्हणजे ऑफिसर घडवणाऱ्या नॅशनल डिफेन्स अकादमीचं, दार उघडलं 2022 ला. म्हणजे 71 च्या इंदिराबाई तुमच्या कायद्यात फॉर्मसुद्धा भरू शकल्या नसत्या. मग उंची कमी पडलेले, चष्मेवाले, सपाट पायाचे, तेही बाद. आणि जातीचं विसरू नका. 1890 च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ काढून महारांची भरतीच बंद केली होती, ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली त्यांची. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडलं, बाबासाहेबांना त्यासाठी झगडावं लागलं. भरतीचं दार कुणाला उघडं आणि कुणाला बंद हे सरकार ठरवणार, आणि त्याच दारातून पंतप्रधान यायचा? हे मला तरी पटत नाही.

शिवाय एक गोष्ट सिव्हिलियन लोकांना माहीतच नसते. नोकरीत असताना आम्हाला राजकारण बंद. मीटिंगला जायचं नाही, पक्षाचं काम करायचं नाही, मत टाकायचं तेवढं पोस्टानं. आणि हे बरोबर आहे, असंच पाहिजे, आपल्या फौजेनं आजवर सत्ता घेतली नाही त्यात या शिस्तीचा मोठा वाटा आहे. आता खुर्चीसाठी मिल्ट्रीची अट केली तर ज्याला मंत्री व्हायचंय तो आधी भरती होणार. म्हणजे बराकीत पुढारी तयार होणार, कंपनीत गट पडणार, कमांडरसाहेब रिटायरमेंटनंतरच्या तिकिटाकडं बघून सलाम ठोकणार. मला असल्या युनिटमध्ये नोकरी करायला आवडली नसती.

तेव्हा पुढच्या लग्नात विचाराल तर हेच सांगीन, आणि वर एक मागणी करीन. 62 च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स यांनी केली, 1963 ला रिपोर्ट आर्मी चीफमार्फत यशवंतरावांपर्यंत पोचला. तो सरकारनं अजून लोकांसमोर ठेवलेला नाही, मधे इतकी सरकारं आली-गेली तरी. काही पानं 2014 ला बाहेर फुटली तेवढीच. पंतप्रधान कुठून आणायचा ते नंतर बघू, आधी तो पूर्ण रिपोर्ट बाहेर काढा म्हणावं. मराठीत काढला तर आणखी बरं, आमच्या गावात वाचणारे पुष्कळ आहेत.